स्कोअर फुल, तरी ५/६ आणि ७/८ ‘सारखेच’: अपूर्णांकांची तुलना आणि टॅब, एक प्रकरण अभ्यास

पाचवीचा वर्ग, घटक अपूर्णांकांची तुलना, हाताशी टॅब. टॅब दोघांत एक आणि भिंतीवर एक प्रोजेक्टर. वर्गाच्या मॅडम अनुभवी, गणित मनापासून शिकवणाऱ्या, पण डिजिटल साहित्याकडे बघायला सोबत कोणीतरी असावं म्हणून मी वर्गात होते, आणि माझं काम मुख्यतः मागे बसून मुलं काय करतात, आणि त्याहून जास्त म्हणजे एकमेकांशी काय बोलतात, ते टिपून घ्यायचं. हे सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं कारण या वर्गात एक गोष्ट अगदी स्वच्छ दिसली जी एरवी झाकलेलीच राहते, ती म्हणजे मुलांचा स्कोअर भराभर वाढतोय आणि समज जागची हललेली नाही, आणि दोन्ही एकाच स्क्रीनवर एकाच वेळी चाललंय.

सुरुवात एका तयार गेमने झाली. असे गेम सगळ्यांनी बघितलेले असतात. दोन अपूर्णांक येतात, मोठा वाटेल त्याच्यावर टॅप करायचं, बरोबर आलं की हिरवी टिक आणि आवाज, चुकलं की लाल फुली आणि लगेच पुढचा प्रश्न, वर कोपऱ्यात टायमर पळतोय. प्रत्येक अपूर्णांकाच्या खाली त्याची रंगवलेली पट्टी. पहिल्यांदा खेळताना बरीच मुलं चुकली, मग काही फेऱ्यांतच जवळपास सगळ्यांचा स्कोअर वरच्या टोकाला गेला, वर्गात उत्साह होता, आणि मॅडमना वाटलं की चला, तुलना झाली, आता बेरजेकडे वळू. बाहेरून बघणाऱ्याला तेच वाटलं असतं.

मला शंका आली ती एका मुलाच्या वेगामुळे. त्याला वर्गात सगळ्यात जास्त गुण, आणि प्रश्न यायच्या आत त्याचं बोट पोचलेलं. गेम संपल्यावर मी त्याला टॅब बाजूला ठेवायला सांगितला, कागदावर ५/६ आणि ७/८ लिहिले आणि विचारलं यातला मोठा कोणता. पट्ट्या नाहीत, टायमर नाही.

“सारखेच आहेत.”

“कसं काय रे?”

“दोन्हीत एकच कमी आहे ना. सहात एक कमी पाच, आठात एक कमी सात.”

त्याच्या शेजारी बसलेल्या जोडीदाराने मान डोलावली, आणि मग त्या मुलाने स्वतःहून पुढे सांगितलं की गेममध्ये पण तो हेच करतो, खालच्या आकड्यातून वरचा वजा करायचा, ज्याच्यात कमी उरेल तो मोठा. लक्षात घ्या, हा मुलगा अंदाजे टॅप करत नव्हता. त्याच्याकडे एक पक्का नियम होता, तो तो नीट वापरत होता, आणि गेम त्याला प्रत्येक वेळी शाबासकी देत होता.

मग मी दुपारी बसून गेमचे प्रश्न उतरवून काढले, आणि सगळा उलगडा तिथे झाला. प्रश्न या जातीचे होते: १/३ आणि १/५, २/७ आणि ५/७, ३/४ आणि ३/८, ४/५ आणि २/५, २/३ आणि २/९. म्हणजे प्रत्येक जोडीत एकतर छेद सारखा नाहीतर अंश सारखा. आता त्या मुलाचा वजाबाकीचा नियम यांना लावून बघा. छेद सारखा असेल तर ज्याचा अंश मोठा त्याच्यात फरक कमी, बरोबर. अंश सारखा असेल तर ज्याचा छेद लहान त्याच्यात फरक कमी, तेही बरोबर. म्हणजे अशा जोड्या कितीही द्या, शंभर द्या, हजार द्या, हा चुकीचा नियम त्यात एकदाही पकडला जाणार नाही. योगायोग नाहीये हा, गणितानेच तसं होतं. गेम बनवणाऱ्याने सोपे प्रश्न आधी म्हणून हे घेतले असणार, हेतू चांगलाच असेल, पण परिणाम असा की मूल जितकं जास्त खेळेल तितका त्याचा चुकीचा नियम पक्का होत जातो.

वर्गात फिरून मुलांना “का?” विचारत गेलो तेव्हा साधारण तीन प्रकारचे नियम सापडले. एक, आकडे मोठे तो अपूर्णांक मोठा, म्हणजे ५/९ हा ३/४ पेक्षा मोठा कारण पाच आणि नऊ दोन्ही मोठे. ही पूर्ण संख्यांची सवय, पहिलीपासून मुलं तेच करत आलीत, त्यामुळे तिचा दोष मुलांना देण्यात अर्थ नाही. दुसरा नियम पहिल्याच्या उलट, छेद लहान तो अपूर्णांक मोठा, आणि हा बहुतेक वेळा आपणच शिकवलेला असतो, १/३ आणि १/५ समजावताना आपण म्हणतो की भाग जास्त केले की तुकडा लहान, आणि मूल त्यातलं ‘तुकडा’ विसरतं आणि ‘खालचा आकडा लहान तो मोठा’ एवढंच घेऊन जातं. आणि तिसरा हा वजाबाकीचा. काही मुलं तर जोडी बघून नियम बदलत होती, आधी एक लावून बघायचा, लाल फुली आली की दुसरा.

हे काही याच वर्गाचं दुखणं नाही. अमेरिकेत १९७८ साली झालेल्या राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना १२/१३ + ७/८ चा नुसता अंदाज विचारला होता, उत्तर काढायचं नाही, फक्त १, २, १९, २१ यातलं जवळचं निवडायचं. दोन्ही अपूर्णांक एकाच्या अगदी जवळ, म्हणजे उत्तर २ च्या आसपास. पण २ निवडणारी मुलं २४ टक्के, आणि १९ किंवा २१ निवडणारी मिळून निम्म्याहून जास्त. त्यांनी वरचे वरचे किंवा खालचे खालचे आकडे मिळवून टाकले. म्हणजे तुलना हा धडा वरवर झाला की पुढे बेरजेत तो असा बाहेर येतो, त्यामुळे मॅडमनी बेरीज थोडी लांबवायचं ठरवलं, आणि ते सोपं नव्हतं कारण वेळापत्रक कोणासाठी थांबत नाही.

पहिलं काम जोड्या बदलणं. टॅब तेच, मुलं तीच, फक्त प्रश्न आपण घालायचे. आम्ही मुद्दाम अशा जोड्या शोधल्या ज्यात तिन्ही नियमांचं उत्तर एकच येणार नाही. उदाहरणार्थ ३/४ आणि ५/९. यात ‘आकडे मोठे’वाला चुकतो, बाकी दोघं बरोबर येतात. ५/६ आणि ७/८ मध्ये ‘आकडे मोठे’वाला सुटतो, ‘छेद लहान’वाला ५/६ म्हणतो, आणि वजाबाकीवाला ‘सारखे’ म्हणतो. २/५ आणि ४/७ मध्येही तसंच, दोन्हीत फरक तीनच, म्हणून ‘सारखे’. १/४ आणि ३/१० मध्ये ‘छेद लहान’वाला आणि वजाबाकीवाला दोघंही १/४ म्हणतात आणि दोघंही चुकतात. आणि एखादी जोडी खरोखर समान, जसं ३/६ आणि ४/८, जी तिघांनाही वेगळी वाटते. या पाच जोड्यांत मुलाने किती बरोबर आणले याला काही किंमत नाही, कुठे कुठला पर्याय दाबला ते बघायचं, त्यावरून तो कुठल्या नियमाने चाललाय ते जवळजवळ कळतंच. त्यासाठी तिसरं बटण हवं, ‘सारखे’, जे मूळ गेममध्ये नव्हतंच. दोनच पर्याय असले की डोळे मिटून टॅप करणाऱ्याचेही सरासरी निम्मे बरोबर येतात, आणि ‘सारखे’ म्हणणारं मूल तर दिसतच नाही, ते नाइलाजाने कुठलंतरी एक दाबतं.

साध्या फॉर्ममध्ये हे बनवता येतं, वेगळं ॲप लागत नाही. खाली एक रिकामी ओळ ठेवायची, ‘मला असं का वाटलं’. टाइप करायला कंटाळणाऱ्या मुलांसाठी बोलून रेकॉर्ड करायची सोय ठेवली तर फारच छान, कारण मुलं बोलताना जे सांगतात ते लिहिताना गाळतात.

दुसरं काम, आणि मला हे पहिल्यापेक्षाही महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे चित्र लपवणं. आपण डिजिटल साधन घेतो ते चित्रासाठीच, पट्टी दिसते, रंग दिसतो, म्हणून तर टॅब. पण दोन पट्ट्या एकाखाली एक दिसल्या की मूल अपूर्णांकांची तुलना करतच नाही, ते लांबीची तुलना करतं. त्याला वरचे आकडे बघायची गरजच उरत नाही. आम्ही जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये एक अगदी साधी फाइल केली, चार स्लायडर, दोन अंशांचे दोन छेदांचे, दोन पट्ट्या, आणि एक चेकबॉक्स. चेकबॉक्स बंद असेल तोवर फक्त आकडे दिसतात. नियम असा की आधी दोघांनी आपापला अंदाज आणि कारण वहीत लिहायचं, मगच चेकबॉक्स. पट्टी आता उत्तर सांगायला नाही, लिहिलेलं तपासायला येते. एवढ्या एका बदलाने वर्गातला आवाजच बदलला, आधी “बरोबर आलं!” ऐकू यायचं, आता “थांब ना, उघडू नको अजून” ऐकू यायला लागलं.

वजाबाकीवाल्या मुलाने ५/६ आणि ७/८ साठी ‘सारखे’ लिहिलं, चेकबॉक्स उघडला, आणि ७/८ ची पट्टी थोडी पुढे. त्याची पहिली प्रतिक्रिया काय असेल? “मॅडम, टॅब हँग झालाय, पट्टी नीट येत नाहीये.” मला हे फार आवडलं. ज्याचा स्वतःच्या नियमावर विश्वास आहे तो मुलगा आधी यंत्रावर संशय घेतो, आणि तसंच असायला पाहिजे. मॅडमनी त्याला चूक म्हटलं नाही, त्याचंच वाक्य घेतलं. “दोन्हीत एक कमी आहे म्हणालास ना, बरोबर आहे. एक काय कमी आहे?” तो गप्प. मग म्हणाला, “एक तुकडा.” “केवढा तुकडा?” मग पट्टीचा न रंगवलेला भाग बोटाने दाखवला, इकडे १/६ उरलाय, तिकडे १/८ उरलाय, आणि १/८ लहान हे तर त्याला आधीपासून येत होतं. म्हणजे ७/८ ला एकापर्यंत पोचायला कमी अंतर राहिलंय, म्हणून तो मोठा. त्याचा चुकीचा नियम फेकून द्यावा लागला नाही, त्यात एकच गोष्ट भरावी लागली, उरलेल्या तुकड्यांचा आकार. त्यामुळे तो नाराज नाही झाला, उलट पुढचे दोन दिवस ‘किती उरलं’ हेच सगळ्यांना शिकवत फिरत होता. पुढे तर ४/५ आणि ९/११ सारखी जोडी आली, एकात एक तुकडा उरतो एकात दोन, तेव्हा दुसऱ्याच एका मुलीने सुचवलं की १/५ म्हणजे २/१० करून टाक, मग २/१० आणि २/११ बघ, २/११ लहान, म्हणजे ९/११ मोठा. पाचवीत हे पुरे झालं.

आता चित्राबद्दलच अजून एक, जे डिजिटल साधनं वापरणाऱ्या प्रत्येकाने एकदा स्वतः करून बघावं. ७/८ आणि ८/९ च्या पट्ट्या काढा. दोघांतला फरक १/७२. पट्टी ७२० पिक्सेल रुंद असेल तर फरक १० पिक्सेलचा, आणि छोट्या स्क्रीनवर ३६० पिक्सेलची असेल तर फक्त ५. पट्टीची कड जाड असली, रंग थोडा फिका असला, तर ५ पिक्सेल कोणाच्याही डोळ्याला दिसत नाहीत आणि मुलं हमखास ‘सारखे’ म्हणतात, आणि तेव्हा त्यांचं बघणं चूक नसतंच. म्हणजे जिथे विचाराची खरी गरज पडते नेमकं तिथेच चित्र कुचकामी ठरतं. आम्ही हे मुद्दाम प्रोजेक्टरवर केलं. आधी मतदान, बहुतेकांनी ‘सारखे’, मग एकाने उठून सांगितलं की १/८ आणि १/९ उरलेत, १/९ लहान, म्हणून ८/९ मोठाच असला पाहिजे, दिसो किंवा न दिसो. मग झूम केलं. फरक दिसला. वर्गात टाळ्या पडल्या, आणि विचार चित्राच्या पुढे जाऊ शकतो हे मुलांना बहुतेक तिथे पहिल्यांदा कळलं असावं.

झूमवरून आठवलं. टॅबवर दोन बोटांनी पट्टी मोठी करता येते, आणि एका जोडीने नकळत एकच पट्टी ताणली, त्यामुळे त्यांच्या स्क्रीनवर १/३ चा तुकडा १/२ च्या तुकड्यापेक्षा लांब दिसत होता. दोघांनी वहीत लिहिलं १/३ मोठा, पुरावा म्हणून स्क्रीन दाखवली! मॅडमनी तीच स्क्रीन सगळ्यांना दाखवली आणि विचारलं यात काय गडबड आहे. तुलना करायची तर ‘पूर्ण’ (म्हणजे अख्खी पट्टी) सारखा हवा, हे पुस्तकात एका ओळीत असतं आणि कोणी वाचत नाही. इथे ती ओळ मुलांनी स्वतः म्हटली, “पूर्ण पट्टीच वेगळी आहे, मग कसं चालेल.” नंतर मी फाइलमध्ये पट्टीची लांबी लॉक करायला गेले तर मॅडम म्हणाल्या राहू दे, लॉक नको, आणि मला त्यांचं पटलं. सगळं फूलप्रूफ केलं की असले प्रश्न वर्गात येतच नाहीत.

तिसरा टप्पा संख्यारेषेचा. पट्टी बघून मुलांच्या डोक्यात अपूर्णांक म्हणजे रंगवलेले तुकडे एवढंच राहतं, ३/४ ही एक संख्या आहे आणि तिला रेषेवर एक ठरलेली जागा आहे हे पोचत नाही. अमेरिकेच्या शिक्षण विभागाच्या संशोधन संस्थेने २०१० मध्ये अपूर्णांक शिकवण्यावर शिक्षकांसाठी जी मार्गदर्शिका काढली तिच्यातही संख्यारेषा हे मुख्य साधन धरा असं सांगितलंय. पण संख्यारेषेची डिजिटल ॲक्टिव्हिटी निवडताना एक बघा, रेषेवर खुणा आधीच मारलेल्या असतात का आणि कार्ड खुणेला आपोआप चिकटतं का. चिकटत असेल तर मुलं खुणा मोजतात, बाकी काही करत नाहीत. त्यातही ठरलेली चूक म्हणजे शून्याच्या खुणेलाच ‘एक’ म्हणून मोजणं, मग ३/८ चं कार्ड २/८ वर जाऊन बसतं. आमच्याकडे ० आणि १ सोडून काही नसलेली कोरी रेषा होती, कार्ड कुठेही सोडा. पहिलं कार्ड नेहमी १/२, मग बाकीची त्याच्या डावीकडे की उजवीकडे एवढंच आधी ठरवायचं.

इथे एक मुलगी समोर आली जिचं नाव गेमच्या स्कोअरमध्ये तळाशी होतं. टायमर असला की ती अडकायची, दोन प्रश्न होईपर्यंत वेळ संपायची. कोऱ्या रेषेवर मात्र तिचं कार्ड जवळपास प्रत्येक वेळी योग्य बाजूला. २/५ आणि ४/७ चं कारण तिने असं सांगितलं, “साताचं अर्धं साडेतीन, चार त्याच्या पुढे गेले. पाचाचं अर्धं अडीच, दोन मागे राहिले.” झालं. समच्छेद नाही, गुणाकार नाही, आणि चुकायला जागाच नाही. ही युक्ती वर्गात ‘अर्ध्याची चाचणी’ म्हणून चालायला लागली, ७/१२ आणि ५/११, ४/९ आणि ५/८, अशा जोड्या मुलं एका दमात सांगायला लागली. आणि मग कोणीतरी अर्ध्याच्या एकाच बाजूची जोडी टाकली, ३/७ आणि २/५. दोन्ही अर्ध्यापेक्षा कमी. वर्ग अडला. तिने थोडा वेळ घेतला (टायमर नव्हताच) आणि म्हणाली, ३/७ ला अर्ध्याला जायला अर्धा सातवा भाग कमी पडतो, २/५ ला अर्धा पाचवा भाग कमी पडतो, अर्धा सातवा लहान, म्हणजे ३/७ अर्ध्याच्या जास्त जवळ, म्हणून मोठा. मॅडमनी फळ्यावर पडताळून बघितलं, १/१४ आणि १/१०. अगदी बरोबर. ज्या गेममध्ये ही मुलगी तळाला आणि वजाबाकीवाला मुलगा टॉपला होता तो गेम नेमकं काय मोजत होता हा प्रश्न मग मला वेगळा विचारावा लागला नाही. टायमर मात्र त्या दिवसापासून बंद.

समच्छेद आणि तिरकस गुणाकार याच्याबद्दल. स्टाफरूममध्ये याच्यावर बरीच चर्चा झाली, एका सहकाऱ्यांचं म्हणणं की एवढा घोळ कशाला, तिरकस गुणाकार शिकवा, ३ गुणिले ५ पंधरा, २ गुणिले ७ चौदा, पंधरा मोठे म्हणून ३/७ मोठा, दोन मिनिटांत विषय संपला. चुकीचं काहीच नाही त्यात. ३/७ आणि २/५ चे समच्छेद केले की १५/३५ आणि १४/३५, तिरकस गुणाकारात आपण तेच करतो फक्त ३५ लिहीत नाही. माझं मत एवढंच की ही पद्धत शेवटी यावी. आधी दिली की मूल १/१०० आणि ९९/१०० ला पण गुणाकार करत बसतं, आकड्यांकडे बघायची सवयच लागत नाही, आणि एकदा ती लागली नाही की नंतर लावणं फार अवघड. आम्ही ती शेवटी घेतली, आणि तेव्हा मुलांना तिची गरजही पटली कारण ५/१२ आणि ७/१७ सारख्या जोडीत डोक्यातल्या डोक्यात करायचं म्हणजे त्या मुलीलाही जड जात होतं. ५ गुणिले १७ पंच्याऐंशी, ७ गुणिले १२ चौऱ्याऐंशी, केवढीशी चुरस! सममूल्य अपूर्णांकांच्या सरावासाठी फेटची ‘फ्रॅक्शन्स: इक्वॅलिटी’ आणि ‘फ्रॅक्शन मॅचर’ ही सिम्युलेशन्स घेतली. कोलोरॅडो विद्यापीठाचा हा प्रकल्प, भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला, सगळं फुकट, आणि डाउनलोड करून ठेवलं तर नेटशिवायही चालतं. सराव म्हणून उत्तम. पण त्यातही ‘आधी लिहा, मग करा’ हा नियम आम्ही लावलाच, कारण मॅचरमध्ये पण दोन-चार अदलाबदली करून जुळवता येतंच.

जोडीने टॅब वापरण्याचं थोडक्यात सांगते. दोघांत एक टॅब दिला की एक टॅप करतो आणि दुसरा बघतो, हे सगळीकडे होतं. इथे ज्याच्या हातात टॅब त्याने बोलायचं नाही, बोलणाऱ्याने टॅबला हात लावायचा नाही, आणि हातात टॅब असणाऱ्याला कारण पटलं तरच त्याने टॅप करायचं. दर प्रश्नाला अदलाबदल. मुलं आधी वैतागली, मग रुळली.

शेवटी निदानाच्या त्याच जातीच्या पण नव्या आकड्यांच्या जोड्या परत दिल्या, चित्र नाही, टायमर नाही, ‘सारखे’चं बटण आणि कारणाची ओळ आहे. वजाबाकीचा नियम लिहिलेली मुलं जवळजवळ उरली नव्हती. ‘आकडे मोठे’वाली काही होती, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा मूळ प्रश्न वेगळाच निघाला, भागाकाराची आणि समान वाटे करण्याचीच कल्पना कच्ची, त्यांना स्क्रीनपेक्षा हातात कागद घेऊन घड्या घालणं जास्त उपयोगी पडलं. म्हणजे टॅब सगळ्यांना सारखा लागू पडला असं मी म्हणणार नाही. उत्तराचं कारण लिहिण्यात मात्र सगळ्यांचीच वाक्यं लांब झाली, ‘कारण तो मोठा आहे’ वरून ‘कारण १/९ उरलाय आणि तो १/८ पेक्षा लहान’ इथपर्यंत.

एक गाठ अजून सुटायची आहे. वर्गाची मजल एकाच्या आतल्या अपूर्णांकांपर्यंतच होती, आणि सहज म्हणून ५/४ आणि ७/६ टाकून बघितले तर बऱ्याच मुलांनी ७/६ मोठा म्हटलं. कारण विचारलं तर आपण शिकवलेलंच, १/६ हा १/४ पेक्षा लहान, म्हणून ७/६ एकाच्या जास्त जवळ, म्हणून मोठा. एकाच्या आत असताना जवळ म्हणजे मोठा, एकाच्या पलीकडे गेल्यावर जवळ म्हणजे लहान, हे कोणीच त्यांना सांगितलेलं नाही आणि रेषाही १ वरच थांबत होती. मी फाइलमध्ये रेषा २ पर्यंत वाढवून दिलीये, १ ची खूण ठळक ठेवलीये, बाकी कोरी. मॅडमनी पहिली जोडी ५/४ आणि ७/६ हीच ठेवली आहे, दुसरी ३/४ आणि ५/४ ची, म्हणजे एकापासून दोघांचं अंतर सारखंच पण बाजू वेगळी, आणि मुलांना त्यांचाच नियम दोन्हीकडे लावून बघायला सांगायचं ठरलंय.